थोडंथोडं बघणं

मिरकरवाड्याला पहाटे साडेचारला
खैरूनबी होडेकरनं माझ्यासाठी एक माकूल बाजूला ठेवला होता,
बादलीत, जिवंत, कातडीवरचे ठिपके अजून उघडझाप करणारा.
पैसे घेतले नाहीत. म्हणाली, रगतच न्यायचंय ना गो तुला,
उरलेला मी कालवणात घालीन.
सिरिंजमध्ये आलं ते पाण्यासारखं होतं.
हवा लागली तसं निळं होत गेलं,
शाळेतल्या मोरचुदासारखं, पण लाजत लाजत.

त्या रक्तात तांबं असतं. तांबं श्वास धरून ठेवतं.
ते कुठल्या कुशीत बसलंय, बघायचं,
एवढंच माझं काम. चार वर्षं.

बाबा बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात होते.
शर्टांना अमोनियाचा वास.
लादी फोडताना उजव्या करंगळीचं पेर गेलं,
त्याबद्दल बोलत नसत. बोलत ते बर्फाबद्दल:
सावकाश गोठलेल्या पाण्याला काटे फुटतात,
काटे माशाला आतून फाडतात,
मग सुरमई ताटात रडते बघ.

माझा बर्फ त्यांना दाखवायचा होता.
तीन मिलिमीटरची तांब्याची जाळी,
तिच्या डोळ्याडोळ्यात निळ्या रक्ताचा पापुद्रा,
टिपकागदानं टिपलेला, आणि मग सूर
इतक्या थंड इथेनमध्ये
की पाण्याला काटा काढायला फुरसतच मिळत नाही.
काच होते त्याची,
वळता वळता थांबलेली.
फोनवर हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प.
मग विचारलं, टनाला काय पडतं?

इलेक्ट्रॉननं बघणं म्हणजे जाळणं.
पोटभर बघायला जावं
तर बुडबुडे येतात, बघण्यासारखं काही उरत नाही.
म्हणून मोजून, चिमूटभर मारा,
आणि हाती येतं धुकं, राखाडीवर राखाडी.
असे दोन लाख पुसट एकावर एक ठेवायचे
तेव्हा कुठे कड दिसायला लागते.

त्याच वर्षी बाबा सिव्हिलला, बारा दिवस.
त्यांनाही मी तसंच बघितलं.
डबा ठेवताना. सलाईनची नळी सोडवताना.
नर्सनं पत्ता विचारल्यावर त्यांनी कारखान्याचा दिला तेव्हा.

नंतर ती अडचण. माझ्या सगळ्या चित्रांत
नुसती वर्तुळं. सगळे रेणू तोंड वर करून,
पाच पाकळ्यांची कडी, हजारो कडी,
कुशीवर झोपलेला एक नाही.
खोली किती, काही कळेना.
खैरूनबीला सहज बोलले. ती लिलावात होती.
हातातला सरंगा तिनं उलटा केला, कल्ला उघडून दाखवला:
एका अंगानं बघून मासा कोण घेतो? शहरातली.
तिच्यामुळं सुचलं असं नाही, पुस्तकांत आहेच,
जाळी कलती करून बघायची.
पण केली त्याच आठवड्यात.

डिसेंबरात, मिऱ्याच्या घरी, लॅपटॉपवर
नकाशा हळूहळू भरला.
जोडीजोडीनं, उलटसुलट, पाच जोड्या
गोल धरून उभ्या. मध्ये पोकळी.
आणि कुशीकुशीत तांब्याचे दोन दोन ठिपके.
खैरूनबीनं चष्म्याशिवाय, फोन लांब धरून बघितलं.
पिंप हाय, म्हणाली. बूड नसलेला.

कशातच न बसलेली चाळीस हजार चित्रं
वेगळ्या फोल्डरमध्ये आहेत. नाव दिलंय कचरा.
डिस्कवर जागा खातात, पुसायला हवीत.
परवा एक उघडलं. रेणू नव्हताच त्यात.
बर्फाचा साधा खडा होता, सहा बाजूंचा,
काटे नीट फुटलेला.
म्हणजे त्या एका ठिकाणी
पाणी सावकाश गोठलं होतं.