सी नाही, बी

बोटं अजून सीवरच जातात.
मनस्वी मागून म्हणते, "काका, बी. नव्यात कापायला बी."
ऐरोलीहून येते, वय एकवीस,
तिला दोन्ही सॉफ्टवेअरं येतात
जशी एखादीला माहेरची आणि सासरची, दोन्ही बोली.

मी चौदा वर्षं एकाच पडद्यासमोर बसलो.
कोपरखैरणे, सेक्टर आठ, खाली झेरॉक्स, वर मी.
घणसोली, गोठिवली, तळवली,
त्या पट्ट्यातल्या निम्म्या हळदी
माझ्या हातून कापल्या गेल्या.
सीवरचं अक्षर झिजून गेलंय.
बीवर धूळ.

जुन्याचं भाडं वाढत गेलं.
भाडंच ते. चौदा वर्षं राहून
एक वीट नावावर नाही.
नवं फुकट मिळतं म्हणून आलो,
उगाच कलेबिलेचं कारण सांगत नाही.

डिमेलो सरांनी जांभळी नाक्यामागच्या खोलीत
दोन व्हीसीआर जोडून शिकवलं होतं.
इकडे प्ले, तिकडे रेकॉर्ड, मध्ये श्वास रोखायचा.
चुकलं तर पहिल्यापासून.
कॉम्प्युटर आला तेव्हा म्हणाले,
आता चुकायला काही पडतच नाही रे,
आणि शटर ओढलं ते ओढलंच.
मला तेव्हा ते हट्टी वाटले होते.

गुरुवारी जागृती मढवी आली.
"माझ्या हळदीतला बाबांचा नाच तेवढा काढून द्या,
डीव्हीडी आता कशातच चालत नाही."
जुन्याची मुदत त्याच रात्री बारापर्यंत.

फाइल या घरातून त्या घरात नेली.
कट सगळे आले, आपापल्या जागी.
विरघळणारे सांधे आले नाहीत;
एक चेहरा दुसऱ्यात हळूच मिसळायचा
तिथे आता एकदम दुसराच माणूस.
हळद हिरवट.
बँडचा ठेका पावलाच्या चार फ्रेम पुढे.
आणि सुरुवातीची पाटी, जुन्या फाँटमधली,
नव्याला वाचताच येईना.
निमंत्रकाच्या जागी चौकोन, डॉलर,
एक उलटा स्वल्पविराम, परत चौकोन.

ठेका मागे ओढला. एक, दोन, तीन, चार.
हिरामण मढवींचं पाऊल बरोबर ढोलावर पडलं.
स्पेसबार तेवढा दोन्हीकडे सारखा आहे,
दाबला की माणूस थांबतो,
दाबला की नाचतो.
मी बराच वेळ तेच करत बसलो.

मग पाटी. पहिलं अक्षर पाठ होतं, श्री.
हात थांबला.
आता रीतीने कै. लागेल.
जागृतीला विचारावं तर पावणेबारा वाजलेले.
पडद्यावर ते डोक्याला टॉवेल बांधून,
पिवळ्या झालेल्या बनियनवर,
व्याह्याच्या इस्त्रीच्या शर्टाला धरून
त्याला मांडवात ओढतायत,
आणि व्याही नको नको म्हणत येतोच आहे.
कै. माणूस असं कुणाला ओढत नाही.

श्री. लिहिलं.
हळदीचा हिरवेपणा काढायला एक वाजला.

निघताना सवयीने जुनं उघडलं.
चौकट आली, मुदत संपली, नूतनीकरण करा.
त्याखाली बारीक अक्षरांत
नंतर आठवण करून द्या.

ते दाबलं.