जोडउत्पन्न

शामरावनगरच्या खाली, जिथं डांबर संपतं आणि पाणकणीस लागतं,
तिथं कृष्णाई हाइट्स. चार मजले.
पार्किंगच्या खांबाला फ्लेक्स अजून बांधलेला,
एक कोपरा सुटून वाऱ्यावर फडफडतोय:
पगारपत्रक नसलं तरी चालेल.

मी मूल्यांकनाला येतो.
लेझर भिंतीवर धरायचा, लाल ठिपका पडतो, टीं वाजतं,
हॉल दहा बाय चौदा.
भिंत खरवडून बघा असं फॉर्मात कुठं लिहिलेलं नाही.
तरी पहिल्या मजल्यावर नखानं खरवडली:
वर पिस्ता रंग, त्याखाली पांढरा, त्याखाली
गुडघ्याएवढ्या उंचीवर
गाळाची एक रेघ, पिऊन ठेवलेल्या कपात राहते तशी.

तेवढ्यात फोन. नाईकवडी साहेब कधीच लिहा म्हणत नाहीत.
म्हणतात, बघा, मार्च एंड आहे.
रकाना सतरा, पूरबाधित आहे का.
बघितलं. नाही.

फ्लॅट भूपाल मगदूमचा. कुपवाडला पावडर कोटिंगच्या भट्टीवर,
हातात पडतात चौदा हजार, हप्ता बसणार अकराचा.
म्हणून जोडउत्पन्न: पत्नी, शिलाईकाम.
कोपऱ्यात मशीन होतं. फोटो काढला.
चाकाजवळ फुलपाखराचं स्टिकर, एक पंख उडालेला.

दुसऱ्या मजल्यावर शबाना बारगीर. शिलाईकाम.
मशीन. फुलपाखरू. एक पंख.

तिसऱ्याकडं निघालो तर माझ्या पुढं जिन्यात भूपाल,
खांद्यावर चादरीत गुंडाळलेलं काहीतरी जड,
धापा टाकतोय.
मी बुटाची नाडी सोडली आणि बांधली.
परत सोडली.
माणसाला वर पोचायला तेवढा वेळ लागतो.

चौथ्यावर मात्र राहवेना, चाक फिरवून बघितलं.
सुई नव्हती.
घरातली बाई म्हणाली, सुई हाय की सायेब, खाली राहिली.
आणि आम्ही दोघंही हसलो.
मग ती एकदम गप्प. म्हणाली,
आमचा कागुद हुईल न्हवं?

झाला. चारही झाले.
ही फाइल इथून पुण्याला जाते, पुण्याहून मुंबईला,
तिथं हजारभर फायलींचा एक गठ्ठा बांधतात
आणि गठ्ठाच विकतात कुणालातरी.
ज्यानं घेतला त्याला कृष्णा कुठल्या अंगानं वाहते
हे माहीत असायचं कारण नाही.
त्याला आकडा माहीत. आकड्याखाली माझी सही.

दीड वर्षानं, शनिवारच्या पेपरात, पान सात,
मशागतीच्या अवजारांच्या जाहिरातीला लागून:
भूपाल बाळगोंडा मगदूम, सांकेतिक ताबा.
सांकेतिक. म्हणजे माणसं अजून आत आहेत,
कुकर लावतायत, आणि घर गेलेलं आहे.
चतुःसीमा: पूर्वेस रस्ता, पश्चिमेस सदनिका क्रमांक तीन,
उत्तरेस जिना, दक्षिणेस ओढा.
ओढा.
कुणीतरी लिहिला एकदाचा.

आता बी विंगचं काम थांबलंय, सळ्या गंजतायत,
बिल्डरचा फोन लागत नाही, आणि गणपती पेठेत
प्रत्येकजण प्रत्येकाला विचारतोय, भाव पडतील का हो?
मला जरा जास्तच विचारतात.
मी म्हणतो, जागा कधी पडते का.
हे वाक्य मला नाईकवडींनी दिलेलं आहे.

माझा स्वतःचा फ्लॅट विश्रामबागेत. सतरा वर्षं बाकी.
त्याचं मूल्यांकन शिंदकरनं केलं, त्याच्या घराचं मी.
काल जेवताना बायको म्हणाली,
वेळ आलीच तर आपला कितीला जाईल?
कोण विचारतंय त्यावर आहे, म्हटलं.
ती ताटातच बघत राहिली.

रात्री उठलो. अंधारात लेझर धरला.
लाल ठिपका समोरच्या भिंतीवर, कॅलेंडरच्या जरा खाली.
टीं. दहा बाय चौदा.
दुसरा हात मी खिशातच ठेवला.