लॉट नंबर सतरा

आडनाव अत्तार, नोकरी कुपवाड एमआयडीसीत,
दुसरी पाळी.
लोक हसतात, म्हणतात बरोबर जागी पोचलीस.
त्यांना काय सांगू,
इथं वास येतो तो हेक्झेनचा,
गॅरेजात कुणीतरी ओलं फडकं विसरल्यासारखा.

भोसेहून टेम्पो येतो साडेनऊला.
निशिगंध खुडायचा तो उमलायच्या बेतात असताना,
उमलला की दिलंच त्यानं सगळं हवेला.
गुलाब तुटला की संपतो. हा नाही.
हा तोडल्यावरही रात्रभर वास तयार करत राहतो,
आपण तुटलोय ही खबरच नसते त्याला.
म्हणून घाई. म्हणून भूपाल खोत
अर्धा डबा तसाच ठेवून पोती ओततो
जाळीच्या थाळ्यांवर,
थाळ्यावर थाळा, वर झाकण, बोल्ट आवळून.

पूर्वी म्हणे फ्रान्सात, ग्रास नावाच्या गावी,
काचेवर चरबी थापायचे
आणि एकेक फूल पालथं निजवायचे तिच्यावर.
शिळी उचलायची, ताजी ठेवायची,
रोज,
चरबीला आणखी सोसवेना होईपर्यंत.
आमच्याकडे तीन धुण्या, मग व्हॅक्यूम.
हजार किलो फुलांच्या पोटी
किलोभर मेण, तपकिरी, बोटाला चिकटणारं.
ते स्पिरिटात विरघळवा, गारठवा, गाळा,
मेण वर अडतं, खाली उतरतो तो अर्क.
हुंगला तर निशिगंध वाटतच नाही.
रबर, लोणी,
आजाऱ्याच्या उशीची ऊब.
थेंबभर घेऊन खूप पातळ केला
की मग कुठं फूल परत येतं, लाजत.

अब्बांना हे पटत नाही.
मिरजेत दर्ग्याच्या वाटेवर चाळीस वर्षं
गिऱ्हाइकाच्या कानात फाया खोचणारा माणूस.
"वासात पाणी घालून विकायचं?
आपल्यात दूधवाले करतात ते."

ऑक्टोबरात पत्र आलं. लॉट नंबर सतरा.
मशीनच्या आलेखावर सगळं ठीक आहे,
पण आमच्या परफ्यूमरबाईंना
आत आणखी कुणीतरी बसलेलं जाणवतं.
कोण आहे?

तीन दिवस शोधलं. पाईप, गॅस्केट, स्पिरिटचे पिंप,
भूपालची तंबाखूसुद्धा.
शेवटी पोती निघाली.
हरिपूरच्या पेवातल्या हळदीची,
धुऊन, वाळवून, उलटी करून शिवलेली.
"नवीच म्हणायची की ती," सुभद्रा चौगुले म्हणाली,
तिच्या नखांच्या कडा पिवळ्या.
मी लिहून पाठवलं, दोष सापडला, पुन्हा होणार नाही.
प्लास्टिकचे क्रेट घेतले.

उत्तर नाही.

मग पावणेदोन वर्षांनी एक खोकं,
कापसात अंगठ्याएवढी बाटली,
चिठ्ठीवर पेन्सिलीनं नुसतं १७.

म्हणजे त्या बाईनं तिकडं
तराजूवर दाणा दाणा तोलत,
कागदाच्या पट्ट्या नाकाशी धरत, टाकत, पुन्हा धरत,
साठ-सत्तर वासांच्या पंगतीत
आमच्या पोत्याला पाट मांडला होता.
मग स्पिरिटात महिनाभर अंधार,
मग थंडी, मग गाळणं, मग काच.

बाटली अब्बांकडे नेली.
मनगटावर एक थेंब.
"लिंबाची साल," म्हणाले. "एवढ्यासाठी विमान?"
मी म्हटलं, थांबा.
दुकान झाकेपर्यंत निशिगंध आला,
आमचाच, पण इस्त्रीचे कपडे घातलेला.
जेवणं झाली. भांडी झाली.
अकराच्या सुमाराला अंधारात
अब्बा अंथरुणात उठून बसले,
मनगट नाकाशी.

हळद ना? मी विचारलं.

"हळद नाही गं," ते म्हणाले. "तागाचं पोतं.
हमालाच्या पाठीवरचं, दुपारचं."
आणि पुन्हा हुंगत राहिले,
लहानपणी मार्केट यार्डात
कुणाच्या पाठीमागं चालत होते, सांगितलं नाही.

क्रेटमधली फुलं आता स्वच्छ उतरतात.
आलेख सरळ.
चौतीस चालू आहे.
टेम्पोचा हॉर्न वाजला, की भूपाल डबा झाकतो.