एकशे छपन्न

पाषाण रस्त्याला, कुंपणाबाहेर, निलगिरीचं खोड उरलंय
गुडघ्याएवढं. पालिकेच्या पिवळ्या आकड्यातले
सात आणि चार दिसतात, पुढचे करवतीबरोबर गेले.

दर मंगळवारी मी यायचे शेंड्याची पानं खुडायला.
लांबोडकी, विळ्यासारखी वाकलेली,
दोन्ही अंगांनी सारखीच करडी.
घरी भात कालवतानाही बोटांना त्यांचा वास.
कुदळेमामा शिडी धरायचे.
"ताई, झाडाला आपलं वय कळतं का हो?"

कळतं, मी सांगायचे. पेशीत एक बारीकसा रेणू असतो,
आम्ही त्याला नुसतं एकशे छपन्न म्हणतो.
तो भरपूर आहे तोवर झाड पोर:
पानं रुंद, जोडीजोडीनं समोरासमोर.
मग तो ओसरतो, कुणाला न सांगता,
आणि त्यानं दाबून ठेवलेली जनुकं बोलू लागतात.
पान लांबतं. एकेकटं निघतं.
उन्हाला अंग चोरून लटकायला शिकतं.

"म्हणजे आमच्या बाळ्यासारखंच," मामा म्हणाले,
"मिसरूड फुटलं, नि जेवताना तोंड फिरवून बसायला लागला."
हे मी प्रबंधात लिहू शकले नाही.

मार्चात रस्ता रुंद झाला.
मी तेव्हा वरच्या मजल्यावर, उणे ऐंशीच्या फ्रीजपाशी,
त्याच झाडाच्या पुड्या मोजत होते, चांदीच्या कागदातल्या,
तारीखवार, चौतीस.
खालून घरघर येत होती.
मला वाटलं, कुणाची बोअर चाललीय.

आज सकाळी मामांचा फोन:
"या लवकर. तुमचं झाड येडं झालंय."

सालीच्या फटींतून चौदा कोंब.
पानं रुंद, जोडीजोडीनं समोरासमोर,
देठ असून नसल्यासारखे.
चाळीस वर्षांच्या बुंध्यावर बालवाडी भरलेली,
बाजूनं सिमेंटचा मिक्सर फिरतोय,
आणि खाली मुळांना कुणी काही कळवलेलंच नाही.

मला ठाऊक आहे असं होतं.
मी ते शिकवलंय, फळ्यावर आलेख काढून,
एक रेघ उतरती, एक चढती.
तरी एक पान खुडलं, आणि हात कागदावर अडला.
पुडी पस्तीस. तारीख. ठिकाण.
झाडाचं वय:

वर बघितलं तर मामा येत होते,
सवयीनं,
खांद्यावर शिडी घेऊन.