तिसरा बाक

सोहार. नोव्हेंबर.
आठ महिन्यांनी शाळेचं फाटक उघडलं,
तेही एकच दार.
दुसऱ्याला साखळी, आणि साखळीपाशी
कपाळावर पिस्तूल रोखून उभा वॉचमन.
छत्तीस पॉइंट चार, म्हणाला. जा.
मार्चपासून मला इतक्या सहज
कुणी कुठेही जा म्हटलं नव्हतं.

बारावी अ. पट एकोणतीस.
वर्गात चौदा, पडद्यावर तेरा.
उरलेल्या दोघांचं मला विचारायचं नाही.
फी थकली की लिंक आपोआप बंद होते,
असं ऑफिस म्हणतं,
जणू लिंकच फी मोजत बसते.

हजेरीपटात नवी अक्षरं आलीत:
व म्हणजे वर्गात, घ म्हणजे घरून.
सुहैल परकारच्या नावापुढे घ काढताना
पेन अडखळतं.
घर तर इथं होतं त्याचं,
पेट्रोल पंपामागची इमारत, दुसरा मजला,
बाल्कनीतला पोपट आता शेजारच्या मल्याळी बाईंकडे
आणि मल्याळी शिकतोय म्हणे.
हर्णैला तो फक्त जुलैत जायचा,
पंधरा दिवस, पाहुण्यासारखा.

तिकडे साडेनऊ, इकडे आठ.
वर्गापेक्षा दीड तासानं
मोठा झालाय तो.

त्याच्या बाकावर लाल फुली चिकटवलीय,
अंतर राखा.
मी लॅपटॉप त्या फुलीवरच ठेवला,
तोंड फळ्याकडे.
सर, म्हणजे मुख्याध्यापक, दारातून बघून गेले,
काही बोलले नाहीत.
मागच्या बाकावरची जेरिन म्हणाली,
मिस, त्याला थोडं डावीकडे करा,
त्याला कधीच नीट दिसायचं नाही तिथून.

आजचा धडा अ‍ॅल्युमिनियम.
खिडकीतून दिसणारी ती चिमणी, पोर्टाच्या अलीकडची,
तिच्याखाली नऊशे साठ अंशांत
बारा वर्षं उभा होता त्याचा बाप.
पालकसभेला यायचा तेव्हा
गॉगलच्या आतला चेहरा गोरा, बाहेरचा भाजलेला.
हल्ली तो हर्णै बंदरात
बर्फाच्या कारखान्यात हिशेब लिहितो.
हे मी वर्गाला सांगितलं नाही.
क्रायोलाइट का घालतात ते सांगितलं.

कॅथोड, मी म्हणते, कॅथोड.
पण मनात अजून आमच्या शाळेचा तो शब्द,
ऋणाग्र.
धातू साठत जातो
तो ऋणाच्या बाजूला.
एवढ्या वर्षांत हे मला
आजच ऐकू आलं.

मध्येच त्याचा आवाज, फाटलेला,
मॅडम, तिकडे लाईट गेली का?
गेली नव्हती. त्याचीच गेली होती.
चौकोनात अंधार, अंधारात दोन डोळे,
आणि कुठूनतरी आईची हाक,
खोबरं किसायचं आहे, किती वेळ रे.
चौदा मास्क हसले.
मास्क हसतो तेव्हा कान हलतात,
हे मला या वर्षी कळलं.

घंटा नाही आता, नुसता मोबाइलचा गजर.
मुलं एकेक करून, मीटर सोडून, निघाली.
जेरिन जाताना लॅपटॉपपुढे
बोरांच्या गोळ्यांमधली एक ठेवून गेली,
परत फिरली, आठवलं असावं,
गोळी उचलून कागद सोडवला
आणि त्याच्यादेखत स्वतःच खाल्ली.
चोर, तो म्हणाला.

मग मोतालेब आला, बाटली आणि फडकं घेऊन.
सिल्हेटचा. इथला पगार थकलाय त्याचा, पण येतो.
त्यानं ओळीनं बाक पुसले,
पहिला, दुसरा,
आणि तिसऱ्यावर आल्यावर
न थांबता, न विचारता,
पडद्यावर फवारा मारून
सुहैलचं कपाळही पुसलं.

तिकडे हर्णैला
त्यानं डोळे मिटून घेतले.