तुटफूट

डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्रावर गाठी आल्यात,
बारीक, ज्वारीच्या दाण्याएवढ्या.
दहा दिवस तोंडातून शब्द काढायचा नाही.
मी बावीस वर्षं गणित शिकवते,
म्हणजे बावीस वर्षं बोलते.
खिडकीबाहेर ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे ट्रेलर,
आत मी. दोघांत चढाओढ.

रजा शिल्लक नव्हती.

सोमवारी दिघ्याच्या शाळेत, सातवी ब च्या फळ्यावर लिहिलं :
या खोलीत लाद्या बसवायच्यात.
दोन फूट बाय दोन फूट. किती लागतील?
आणि खुर्चीत बसले.
हाताची घडी, तोंडावर बोट,
या वेळी माझं.

पाच मिनिटं कुणी हललं नाही.
त्यांना वाटलं, पुढचं मी लिहीन.
मलाही वाटलं. खडू हातातच होता.

मग नियाज उठला, भिंतीला टाच लावून
पावलाला पाऊल चिकटवत निघाला. सव्वीस.
हर्षालीने मोजली, तर एकतीस.
"तुझे पाय बारके."
"तुझी चप्पल बघ आधी."
बाक सरकले. कुणाचा तरी डबा सांडला,
उसळ थेट खोलीच्या मधोमध.
मुख्याध्यापक दारात : बाई, वर्गावर लक्ष आहे ना?
मी मान हलवली.
लक्ष होतं. सांडलेले वाटाणेसुद्धा मोजून झाले होते.

पाऊल कुणाचं धरायचं, हा प्रश्न
पुस्तकात एका चौकटीत आधीच सुटलेला आहे.
मी तो दरवर्षी एका वाक्यात उरकते :
म्हणून प्रमाणित एकक लागतं, लिहून घ्या.
यांना पाऊण तास लागला.
शेवटी प्रणित गेला शिपाईकाकांकडे, टेप मागायला.

तेवीस फूट. एकोणीस फूट.
चारशे सदतीस भागिले चार, एकशे नऊ आणि पाव.
पाव लादी दुकानात मिळत नाही,
म्हणून एकशे दहा.
टाळ्या. मीही वाजवल्या.

तेव्हा मागून आवाज आला,
इतका लहान की कुणाचा ते आधी कळेना.
रेणुका चलवादी. जून ते जानेवारी
"हजर" एवढंच बोललेली.
"एकशे दहा मागवल्या तर काम अडेल."
सगळे वळले.
"कडेच्या कापाव्या लागतात. कापताना फुटतात.
अप्पा शंभराला दहा जादा धरतात.
मागून आणायला गेलं तर तोच रंग मिळत नाही,
लॉट बदलतो."

ती पुढे आली. माझ्या हातातला खडू घेतला,
न विचारता,
आणि जमिनीवरच आखायला लागली :
दारापासून सुरुवात, खांबाशी पट्टी,
अर्धी कुठे, पाव कुठे.
नियाज गुडघ्यावर बसून सुतळी धरतोय,
"ताण, अजून ताण," ती त्याला सांगतेय.

मला बरंच विचारायचं होतं.
शब्द वर आला, दाण्यांना अडखळून परत गेला.
बरं झालं.
मी शाबासकी दिली असती
आणि ती गप्प झाली असती.

आवाज आला परत, जरा फाटका.
आता तो पुरवून वापरते.
याने सगळं बदललं असं नाही,
निम्म्या वर्गाला अजून सातचा पाढा येत नाही
आणि प्रणित फेब्रुवारीपासून आलेला नाही.

परीक्षेच्या पेपरात खोली आली. दुसरी.
पेपर वरून येतो, उत्तरसूचीही.
उत्तर : ८०.
रेणुकाने लिहिलंय ८८,
शेजारी बारीक अक्षरात, तुटफूट धरून.

रात्रीचे अकरा. तो एकच पेपर बाजूला राहिलाय.
उत्तरसूचीत त्या दोन शब्दांना गुण नाहीत.
लाल पेनाचं टोपण काढलं. लावलं.
पाणी प्यायला उठले,
तर ओट्याखाली एक लादी
बाकीच्यांहून वेगळ्या रंगाची.
कधीची आहे कोण जाणे.
आज दिसली.