गाळाच्या ढिगावरून

येरळवाडीच्या तलावातून दुष्काळाच्या साली
जेसीबीनं उपसलेला गाळ
शेतांना पुरून उरला, त्याची टेकडी झाली.
तिच्यावर कुसळं, बाभळीची चार रोपं,
आणि कार्तिकात साडेचारपासून आम्ही दोघं:
मी, आणि दस्तगीरचाचा शिकलगार.

विळ्या-कात्र्यांना धार लावता लावता
ठिणगीनं त्यांचा उजवा डोळा कधीच नेला.
डाव्यात आता मोतीबिंदू.
दुर्बीण माझ्या गळ्यात, डेअरीची जुनी वही माझ्या मांडीवर:
पुढून म्हशींचं फॅट, मागून भोवत्ये.
नजर तेवढी त्यांची.

"पंख कसं धरलंय?"
पसा धरल्यागत, अर्धे वर.
"मग भोवत्याच. शेपटीच्या बुडाला पांढरं?"
पांढरं. अंग तपकिरी.
"मादी. लिही."

खाली थापटे चोचीनं पाणी चाळत फिरतात.
पट्टकादंब अजून नाहीत.
"हिमालय वलांडायचा म्हंजे चेष्टा हाय व्हय," चाचा म्हणतात.

भोवत्ये ज्वारीच्या तुऱ्यांना पोट घासत येतात.
मी भूगोलात पाठ करून विसरले
त्या मुलखातून निघून
झोपतात कुठं, तर आमच्या गायरानात,
उघड्या जमिनीवर,
मेंढरांच्या लेंड्यांशेजारी.
गेल्या साली त्रेचाळीस.
यंदा गायरानाला कुंपण, आत सोलरच्या काचा.
परवा एक शेकाट्या त्यांना तळं समजून
पाय सोडून उतरत होता.

सतरा. अठरा.
सूर्य बुडाला, काचांवर थोडा वेळ उरला.
"आनि?"
त्यांनी मान माझ्याकडे वळवली नाही.
एकोणीस, मी म्हटलं.
"कुठनं आला?"
उगवतीकडून.
"पंख?"

वारं कुसळांतून गेलं, परत आलं.
"खोड त्यो," ते म्हणाले.
"बोथट विळीला धार लागली म्हनू नये, पोरी.
बाईमानूस इस्वासानं भाजी चिरतं."
मी खोडला.

उतरताना त्यांचा हात माझ्या खांद्यावर.
अर्ध्यात थांबले.
पाण्यापल्याड टिटव्या एकदम उठल्या,
अंधाराला टोचत राहिल्या,
मग गप.
मला काही दिसलं नाही.
काय असेल, चाचा?
"काय का असंना."
दोन पावलं गेल्यावर म्हणाले, "वही काढ."

मोबाईलच्या उजेडात लिहिलं, ते सांगतील तसं:
अठरा.
टिटव्या बोलल्या.